नाडी ५४ म्हणजे हृदय दमलं का?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला मामांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. करोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरमध्ये त्यांनी बोट घातलं होतं. वर ९८ आणि खाली ५४. त्याखाली एकच ओळ : "हृदय मंदावलंय माझं. गोळी बंद केली आहे."

मामा ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. वर्षभरापूर्वी जिना चढताना छातीत दाटून यायला लागलं म्हणून तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला आणि डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर बीटा ब्लॉकर गटातली एक गोळी सुरू केली. आधी त्यांची नाडी ७८-८० असायची, आता ५४. त्यांचा तर्क सरळ होता. ठोके म्हणजे हृदयाचं काम, ठोके कमी झाले म्हणजे हृदय कमजोर झालं. मी हृदयाच्या पेशींवर पीएच.डी. करते हे त्यांना माहीत असल्यामुळे फोटो मला आला. डॉक्टरांना नाही आला, हे ओघानंच आलं.

आधी मी त्यांना डॉक्टरांना फोन करायला लावला. ही गोळी अशी एकाएकी सोडायची नसते, का ते पुढे सांगते. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या मनात असतो. एका ठोक्याला हृदयाला खर्च किती येतो? तो भागतो कुठून? आणि ठोके वाढले की या हिशेबात नेमकं काय बदलतं?

आधी बिल बघू. मोठ्या माणसाचं हृदय साधारण ३०० ग्रॅमचं, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का. निवांत बसलेलं शरीर मिनिटाला अंदाजे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. त्यातला २५ ते ३० मिलिलिटर एकटं हृदय घेतं. अर्धा टक्का वजन आणि दहा टक्के ऑक्सिजन! एक मिलिलिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे २० जूल ऊर्जा मोकळी होते. तेव्हा २७ मिलिलिटर धरले तर मिनिटाला ५४० जूल, म्हणजेच ९ वॅट. घरात लावतो तो ९ वॅटचा एलईडी बल्ब असतो ना, बरोबर तेवढं.

ऊर्जा मोजायची तर ऑक्सिजन का मोजायचा, असं कुणी विचारेल. कारण हृदयाकडे दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच. पायाचा स्नायू थोडा वेळ ऑक्सिजनची उधारी करून पळू शकतो, मग धापा टाकत ती फेडतो. हृदयाला ही सवलत नाही. पेशी जे चलन खर्च करते त्या एटीपीचा साठा हृदयात काही सेकंद पुरेल इतकाच असतो, तो सतत नव्याने बनवावा लागतो. म्हणून तर हृदयाच्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग मायटोकाँड्रियांनी, म्हणजे एटीपी बनवणाऱ्या कारखान्यांनी भरलेला असतो. ते चालतात ऑक्सिजनवर. त्यामुळे हृदयाने किती ऑक्सिजन घेतला हे कळलं की त्याने किती ऊर्जा खर्च केली हे कळतं. विजेच्या मीटरचं रीडिंगच म्हणा.

हे रीडिंग घ्यायची युक्ती १८७० साली आडोल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने मांडली, आणि ती इतकी साधी आहे की चिडचिड होते, हे आपल्याला का नाही सुचलं म्हणून. एखाद्या अवयवात जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती आणि बाहेर येणाऱ्या रक्तात किती, यातला फरक काढा. त्याला मिनिटाला वाहणाऱ्या रक्ताने गुणा. झालं. हृदयाच्या बाबतीत, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवून परत येणाऱ्या शिरेत बारीक नळी सरकवून तिथलं रक्त तपासतात. त्यात जे सापडतं ते मला आजही थक्क करतं. सगळ्या शरीराचं मिळून परत येणारं रक्त बघितलं तर त्यात ऑक्सिजन बराच शिल्लक असतो. विश्रांतीत अवयव सरासरी फक्त पाव भाग काढून घेतात. हृदय मात्र निवांत असतानाही ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतं. म्हणजे ताटात जे वाढलं ते जवळजवळ चाटूनपुसून. ही गोष्ट लक्षात ठेवा, मामांच्या दुखण्याचं मूळ इथेच आहे. आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो ते हृदयाकडे जाणाऱ्या रक्ताबद्दल, हृदयाने त्यातलं किती वापरलं हे त्याला कळत नाही.

आता या ९ वॅटमधून काम किती निघतं? हृदयाचा डावा खालचा कप्पा, शाळेत आपण ज्याला डावी जवनिका म्हणायचो तो, दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त सरासरी १०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाविरुद्ध ढकलतो. गुणाकार करून एकक बदललं की ०.९३ जूल येतात. शंभर ग्रॅमचा एक टोमॅटो जमिनीवरून उचलून ओट्यावर ठेवायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. मिनिटाला असे ७० टोमॅटो, म्हणजे एक वॅटच्या जरा वर. उजवा कप्पा फुप्फुसांकडे बऱ्याच कमी दाबाने रक्त पाठवतो, त्याचं मिळवलं तरी सव्वा वॅट. घेतले ९ आणि कामाच्या रूपात दिले सव्वा. बाकीचे गेले कुठे?

काही भाग निव्वळ जिवंत राहण्याचा. हृदयाच्या शस्त्रक्रियेत पोटॅशियम जास्त असलेलं द्रावण देऊन हृदय थांबवतात. असं थांबलेलं हृदयसुद्धा ऑक्सिजन घेत राहतं, धडधडताना घेतं त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. हे घरभाडं. ठोके पडोत न पडोत, द्यावंच लागतं.

दुसरा खर्च माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या हृदयाची एक-एक पेशी सुटी करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि विजेचे हलके झटके देतात. प्रत्येक झटक्याला पेशीत कॅल्शियमची लाट उसळते, पेशी आखडते, लाट ओसरते, पेशी सैल पडते. ही पेशी काहीही ढकलत नाही. तिच्यापुढे रक्त नाही, दाब नाही, नुसती काचेवर पडून ती आखडते-सैलावते. भौतिकशास्त्राच्या भाषेत काम शून्य. पण लाट ओसरते म्हणजे ते कॅल्शियम पंपांनी उपसून परत कोठारात भरावं लागतं, आणि पंप एटीपीवर चालतात. हृदयाच्या पेशीत कॅल्शियम आणि इतर क्षार इकडून तिकडे करण्यावरच एकूण एटीपीतला साधारण एक तृतीयांश जातो. हिरोयुकी सुगा या जपानी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अख्ख्या हृदयावर हेच दाखवलं. त्याने हृदयावरचं ओझं कमी-कमी करत नेलं, तसा दर ठोक्याचा ऑक्सिजनही सरळ रेषेत कमी होत गेला. पण ओझं शून्यावर आणलं तरी ऑक्सिजन शून्यावर आला नाही.

रिक्षाचं उदाहरण घ्या. रिक्षात बसलात की किमान भाडं लागू झालं. अर्धा किलोमीटर जा नाहीतर दीड, पैसे तेवढेच. हृदयाचा प्रत्येक ठोका असं किमान भाडं घेऊन सुरू होतो. शरीराला मिनिटाला पाच लिटर रक्त हवंय. ते ७० मिलिलिटरच्या ७१-७२ फेऱ्यांत पोचवता येईल, किंवा ५० मिलिलिटरच्या १०० फेऱ्यांत. माल तोच पोचला, पण दुसऱ्या पद्धतीत किमान भाडं २८ वेळा जास्त भरलं. म्हणून एकूण काम तेवढंच ठेवून नुसता वेग वाढवला तरी हृदयाचा ऑक्सिजनचा खर्च वाढतो. मामांना मी हेच पहिल्यांदा सांगितलं. नाडी ८० वरून ५४ वर आली म्हणजे रक्त त्याच प्रमाणात कमी पोचायला लागलं असं नाही. दोन ठोक्यांमध्ये वेळ जास्त मिळाला की कप्पा जास्त भरतो, जास्त ताणला जातो, आणि पुढचा ठोका मोठा होतो. मोठ्या ठोक्याला थोडा जास्त ऑक्सिजन लागतो खरा, पण मिनिटाचा हिशेब केला तर बचतच होते.

तिसरा खर्च दाबाचा, आणि तो सगळ्यात फसवा. ठोका सुरू झाल्यावर लगेच रक्त बाहेर पडत नाही. महाधमनीत आधीच ८० मिलिमीटर दाब असतो. आतला दाब त्याच्या वर जाईपर्यंत झडप उघडत नाही. तेवढा वेळ स्नायू पूर्ण जोर लावत असतो आणि रक्ताचा एक थेंबही हलत नाही. पाण्याने भरलेली बादली हातात धरून नुसतं उभं राहून बघा. बादली हलली नाही म्हणजे काम झालं नाही, असं पुस्तक म्हणतं. हात काय म्हणतो ते दोन मिनिटांत कळतं.

ही गोष्ट १९१५ साली लंडनमध्ये इव्हान्स आणि मात्सुओका या दोघांनी कुत्र्याच्या हृदयावर मोजून दाखवली. हृदयाला जास्त रक्त ढकलायला लावलं तर ऑक्सिजन थोडाच वाढतो, पण जास्त दाबाविरुद्ध ढकलायला लावलं तर भरपूर वाढतो. १९५८ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली सारनॉफ आणि सहकाऱ्यांनी ते आणखी काटेकोरपणे केलं. दाब तेवढाच ठेवून रक्ताचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढवलं, तरी ऑक्सिजनचा खर्च त्या मानाने किरकोळच वाढला. दाब वाढवल्यावर मात्र खर्च जवळजवळ कामाच्या प्रमाणात चढला. म्हणजे हृदय पैसे मोजतं ते किती रक्त पाठवलं याचे कमी, आणि किती वेळा, किती जोर लावला याचे जास्त.

यातूनच डॉक्टरांच्या रोजच्या वापरातला एक आकडा तयार झाला : नाडी गुणिले वरचा रक्तदाब. शांत बसलेल्या माणसाचा ७० गुणिले १२०, म्हणजे ८,४००. जोरात धावणाऱ्या तरुणाचा १७० गुणिले १८०, म्हणजे ३०,६००. टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायची चाचणी झाली असेल तर रिपोर्टमध्ये बहुधा हा आकडा छापलेला सापडेल, फक्त कुणी समजावून सांगितलेला नसतो. हृदयात नळी न घालता हृदयाच्या ऑक्सिजनच्या खर्चाचा बऱ्यापैकी अंदाज देणारा यापेक्षा सोपा आकडा मला तरी माहीत नाही. तो ढोबळच आहे. स्नायू किती जोमाने आखडतोय, कप्पा किती फुगलेला आहे, यावरही खर्च ठरतो आणि ते या गुणाकारात नीट येत नाही. पण घरच्या बीपीच्या मशीनवर दोन्ही आकडे एकाच वेळी मिळतात, हे काय कमी आहे?

या आकड्याची खरी ताकद १९६७ साली रॉबिन्सन या संशोधकाने दाखवली. व्यायाम करताना छातीत दुखणाऱ्या रुग्णांचा त्याने अभ्यास केला. प्रत्येक रुग्णाला साधारण त्याच्या-त्याच्या ठरावीक गुणाकाराला पोचल्यावर दुखायला लागायचं. कुणाचा आकडा १६,००० असेल तर कुणाचा २२,०००, पण त्या माणसाचा तो पुन्हा-पुन्हा जवळपास तोच. म्हणजे दुखणं अंतराचं नव्हतं, जिन्याचंही नव्हतं. एका विशिष्ट खर्चाच्या रेषेचं होतं.

ती रेषा येते कुठून? इथे आपण खर्चाकडून पुरवठ्याकडे येतो.

वर म्हटलं तसं, हृदय आधीच ७०-७५ टक्के ऑक्सिजन काढून घेत असतं. खर्च वाढला तर त्याच रक्तातून आणखी काढायला फारसं काही उरलेलंच नसतं. एकच उपाय : जास्त रक्त आणणं. निरोगी करोनरी धमन्या यात पटाईत असतात, गरज पडली तर प्रवाह चार-पाच पटींपर्यंत वाढवतात. पण हा प्रवाह वाहतो कधी ते बघा. डावा कप्पा आखडतो तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्याच स्नायूत चिरडल्या जातात. रक्त आत जायला वाव राहत नाही. सगळ्या शरीराला रक्त वाढणारं हृदय स्वतः मात्र वाढून झाल्यावर, दोन ठोक्यांच्या मधल्या निवांत वेळात जेवतं. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्या बायका जेवतात तशा, पंगत उठल्यावर.

नाडी ६० असेल तर एक ठोका एक सेकंदाचा. त्यात आखडण्याचा वेळ साधारण ०.३ सेकंद आणि सैल पडण्याचा ०.७. मिनिटाचा हिशेब केला तर हृदयाला जेवायला ४२ सेकंद मिळाले. नाडी १२० झाली की ठोका अर्ध्या सेकंदाचा. आता गंमत अशी की आखडण्याचा वेळ फारसा कमी होत नाही, ०.२५ च्या आसपास राहतो. कात्री लागते ती मधल्या वेळाला, तोही ०.२५ वर येतो. मिनिटाला ३० सेकंद. नाडी १८० ला पोचली की मधला वेळ ०.१३ सेकंदांच्या आसपास, आणि मिनिटाला जेमतेम २४ सेकंद.

म्हणजे नाडी वाढली की खर्च वाढतो आणि त्याच वेळी तो भागवण्याचा वेळ घटतो. दोन्ही गोष्टी एकाच आकड्याने होतात. रक्तदाब, स्नायूचा जोर यांनीही खर्च वाढतो, पण जेवणाची वेळ इतकी थेट कापणारी नाडीच. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे.

विशीतल्या निरोगी माणसाला याने काही बिघडत नाही, धमन्या रुंदावतात आणि कमी वेळात जास्त रक्त येतं. मामांची अडचण अशी की अडथळ्यामुळे त्या धमनीच्या पुढच्या बारीक फांद्या निवांत असतानाच रुंदावून बसल्या आहेत. पुरवठा कसाबसा टिकवण्यासाठी राखीव ताकद आधीच वापरली गेली. आता जिना चढताना नाडी ८० वरून १२५ वर गेली की मागणी वाढते, वेळ घटतो, आणि रुंदावायला जागा नाही. सगळ्यात आधी उपाशी राहतो तो भिंतीचा आतला थर, कारण तिथे दाब सर्वांत जास्त. तेच ते छातीतलं दाटणं.

यावर इलाज म्हणून शतकभर लोक एकाच दिशेने विचार करत होते. रक्तपुरवठा कसा वाढवता येईल? जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न उलटा केला. पुरवठा वाढवता येत नाही, तर मागणी कमी केली तर? भीती, राग, धावपळ यांत ॲड्रेनॅलिन हृदयाच्या पेशीवरच्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं आणि ठोके वाढवतं, ते कुलूपच आधी दुसऱ्या कशाने तरी भरून ठेवायचं. त्यातून १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं, आणि ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. मामांची गोळी याच घराण्यातली. ती नाडी कमी करते, वरचा दाब थोडा कमी करते, स्नायूचा जोर किंचित आवरते. तिन्हीकडून खर्च कमी, आणि वर जेवणाचा वेळ जास्त. मामांनी ज्याला हृदयाची कमजोरी समजून गोळी बंद केली, ते ५४ म्हणजे गोळीने नेमून दिलेलं काम केल्याची पावती होती.

आणि ती एकाएकी का सोडायची नाही? कुलपं बरेच दिवस भरलेली राहिली की पेशी पृष्ठभागावर आणखी कुलपं तयार करते. गोळी अचानक थांबली की ॲड्रेनॅलिनला पूर्वीपेक्षा जास्त जागा मोकळ्या सापडतात. नाडी पहिल्यापेक्षाही वर उसळू शकते, आणि अडथळा तर जिथल्या तिथेच असतो. यात छातीत दुखणं बळावण्याचा, अगदी हृदयविकाराचा झटका येण्याचाही धोका असतो. मामांची एकच मात्रा चुकली होती, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून ती परत सुरू केली. तुमच्या घरात कुणी हे करत असेल तर कृपया डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू देऊ नका. ५४ आकडा बघून घाबरायचं नाही. चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, माणूस पडला असेल, दम लागत असेल, तर मात्र आकडा कितीही असो, लगेच दाखवायचं. हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा आला तरी नाडी मंदावते, आणि ते वेगळं दुखणं आहे.

इथवर वाचून "म्हणजे नाडी जितकी कमी तितकं बरं" असं कुणाला वाटलं असेल, तर थांबा. हा नियम इतका सरळ असता तर संशोधकांना कामच उरलं नसतं. इव्हाब्रॅडिन नावाचं औषध फक्त नाडी कमी करतं, दाब किंवा जोर यांना हात लावत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या शिफ्ट या मोठ्या चाचणीत, हृदय निकामी होत चाललेल्या आणि नाडी ७० किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. २०१४ मधल्या सिग्निफाय चाचणीत, अडथळा आहे पण हृदय निकामी नाही अशा रुग्णांना ते दिलं, आणि मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. नाडी कमी झाली, पुढचं गणित बदललं नाही. का, यावर वाद आहेत. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की नाडी हा हिशेबातला एक मोठा आकडा आहे, सगळी खातेवही नाही.

मामांचा पुढचा प्रश्न चोख होता. "नाडी वाढणं इतकं महाग, तर मला रोज चालायला का लावता?" बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला बँकेच्याच भाषेत उत्तर दिलं. गोळी न घेणारा एखादा माणूस रोज ४० मिनिटं भरभर चालतो आणि तेवढा वेळ त्याची नाडी ७० ऐवजी १०५ असते. जादा ठोके, ३५ गुणिले ४०, म्हणजे १,४००. काही महिन्यांनी त्याची निवांत नाडी चारने जरी कमी झाली, तर चोवीस तासांत वाचलेले ठोके ४ गुणिले १,४४०, म्हणजे ५,७६०. शिवाय रॉबिन्सनची रेषा आठवा. सरावाने तोच जिना कमी नाडीत चढता येतो. रेषा तिथेच राहिली तरी तिच्यापर्यंत पोचायला आता एक मजला जास्त लागतो.

दुसरी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आणि तिच्याकडे हृदयाच्या अंगाने कुणी बघत नाही. ती म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन १४ असेल तर शंभर मिलिलिटर रक्त जवळपास १९ मिलिलिटर ऑक्सिजन आणतं, ७ असेल तर साडेनऊच्याही आत. शरीराची गरज तीच, म्हणून हृदय जास्त रक्त फिरवतं, नाडी वाढते. आता ठोके जास्त म्हणजे हृदयाचा स्वतःचा खर्च जास्त, आणि त्याच्या ताटात येणारं रक्त निम्म्या कसाचं. बाकीचे अवयव रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून वेळ मारून नेतात, हृदयाला तीही सोय नाही. "जिना चढले की धडधडतं" असं सांगणाऱ्या बाईला "वजन कमी करा" म्हणण्याआधी एकदा हिमोग्लोबिन बघायला हवं, ते यासाठी.

आता घड्याळांबद्दल थोडं, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. पीएच.डी.च्या वार्षिक सादरीकरणाआधी मी दाराबाहेर खुर्चीत बसले होते, नाडी ११२. मनगटावरच्या घड्याळाने अभिनंदन केलं की मी व्यायाम करतेय. कॅलरीही मोजल्या. चालताना स्नायू रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेतात, म्हणून तेव्हा नाडीवरून शरीराचा खर्च बऱ्यापैकी कळतो. भीतीने नाडी वाढते तेव्हा स्नायू काहीच मागत नसतात. शरीराचा खर्च जवळपास तेवढाच राहतो, वाढतो तो हृदयाचा. त्या दिवशी माझी चरबी काही जळली नाही. नऊ वॅटचा बल्ब तेवढा जरा प्रखर झाला.

हे मी मामांना फोनवर सांगितलं, आणि तेव्हापासून ते गुणाकार करायला लागलेत. गोळी नियमित चालू आहे. सकाळचा आकडा बहुतेक वेळा ७,००० च्या आसपास असतो. दोन जिने चढून आल्यावर १२,००० ते १३,०००, आणि छातीत दाटत नाही. परवा टीव्हीवर क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकात गेला तेव्हा त्यांनी मशीन लावून बघितलं. नाडी ९६, वरचा दाब १४५. म्हणजे १३,९२०, तोही सोफ्यावर बसून. मामींनी रिमोट काढून घेतला.